डोळे सोडून कान शार्प: पोर्ट्रेटमधला फोकस नेमका कुठे चुकतो

गेले काही महिने माझ्या पोर्ट्रेटचं एक ठरलेलं होतं. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसायचा. मी खूश, ज्याचा फोटो काढला तोही खूश. रात्री कॉम्प्युटरवर उघडला की चेहऱ्यावर कुणी वाफ सोडल्यासारखं दिसायचं. कधी कान शार्प, कधी कॉलरची शिलाई शार्प, डोळे मात्र मऊ. दहातले दोन-तीन फोटो चांगले यायचे आणि खरा ताप तोच होता, कारण ते का चांगले आले हेही मला सांगता येत नव्हतं.

मग सगळे करतात ते मीही केलं. लेन्स पुसली. पुन्हा पुसली. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा) वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. एकाच दिवशी फोकस मोड, शटर (उजेड किती वेळ आत येतो ते) आणि ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) असं तिन्ही बदललं, त्यामुळे त्या दिवशी फोटो जरा बरे आले तरी कशामुळे आले ते कळायला वाव राहिला नाही. शेवटी लेन्सच बिघडली आहे असा निकाल देऊन मोकळा झालो. (कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष त्यांचा नव्हता, हे पुढे येईलच.)

ओळखीची एक ताई माझ्या कितीतरी आधीपासून पोर्ट्रेट करते. तिच्याकडे आठ निवडक फोटो घेऊन गेलो आणि विचारलं, "कसे वाटतात?" तिने ते बाजूला सारले.

"हे तू निवडलेले आहेत. त्या दिवसाचे सगळे दाखव. फसलेले आधी."

पहिला फसलेला फोटो उघडल्यावर तिचा एकच प्रश्न होता, "यात शार्प काय आहे, बोट ठेवून दाखव."

"डोळे शार्प नाहीत," मी म्हणालो.

"काय नाही ते नाही विचारलं. काय आहे?"

इतके दिवस मी फक्त डोळे पाहून वैतागत होतो, बाकी फोटो पाहिलाच नव्हता. शंभर टक्के झूम करून कानापासून खांद्यापर्यंत सरकत गेलो तेव्हा कानामागच्या केसांची एकेक बट मोजता येईल इतकी स्वच्छ दिसली. म्हणजे लेन्सला शार्प फोटो काढता येत होता. लेन्सने तो मला नको त्या ठिकाणी काढून दिला होता, एवढंच.

डोळ्यातला ठिपका वाचा

सेटिंगला हात लावण्याआधी हे करा. फसलेल्या फोटोत डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्यावर पूर्ण झूम करा. बाहुलीजवळ दिव्याचं किंवा खिडकीचं जे चमकतं प्रतिबिंब पडतं, ते. फोटो कशामुळे बिघडला ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

ठिपका फुगून गोल चकतीसारखा झाला असेल आणि त्याच्या कडा सगळ्या बाजूंनी सारख्याच मऊ असतील, तर फोकस चुकला आहे. ठिपक्याची रेघ झाली असेल, किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर काहीतरी हललं आहे: तुमचा हात किंवा समोरचा माणूस. ठिपका जागच्या जागी असून भोवती धुरकट वलय असेल तर लेन्सवर, नाहीतर पुढच्या फिल्टरवर बोटाचा डाग किंवा धूळ आहे का ते पाहा.

खिडकीचा उजेड असेल तर काम आणखी सोपं होतं, कारण मग डोळ्यात खिडकीची छोटी चौकट दिसते. तिच्या उभ्या कडा स्वच्छ आणि आडव्या कडा पसरलेल्या असतील, तर कॅमेरा वर-खाली हलला. शटरचं बटण खसकन दाबलं की असंच होतं. दोन्ही कडा सारख्या मऊ असतील तर हात निर्दोष, फोकसकडे बघा.

या पद्धतीने मी त्या दिवसाचे साठ-बासष्ट फोटो वेगळे केले. निम्म्याहून जास्त फोटोंत दुसरंच काहीतरी शार्प होतं. पंधरा-सोळा फोटोंत ठिपक्याची रेघ झाली होती. म्हणजे ज्याला मी इतके महिने फोकसची एक अडचण म्हणत होतो त्या निदान दोन अडचणी होत्या, आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नव्हता. ॲपर्चर लहान करून फोकसची चूक झाकायला गेलो की उजेड कमी पडून शटर मंद व्हायचा आणि हललेले फोटो वाढायचे. शटर वाढवला की ॲपर्चर पुन्हा पूर्ण उघडायचं. मी गोल गोल फिरत होतो.

कॉलर शार्प येते तेव्हा

हे सगळ्यात सोपं प्रकरण आहे. फोकस पॉइंट, म्हणजे फ्रेममधली फोकस धरायची जागा, कॅमेऱ्याने स्वतः निवडावा अशी सेटिंग ठेवली, की बहुतेक कॅमेरे जवळ असलेली आणि ठळक रेघा असलेली गोष्ट पकडतात. कॉलर, पुढे आलेली बट, गालाला टेकवलेला हात. चेहऱ्याची त्वचा सपाट असते, कॅमेऱ्याला तिच्यात धरायला फारसं काही सापडत नाही. तुम्हाला माणूस दिसतो, जुन्या डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमधल्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतल्या, फोकसला फक्त काळं-पांढरं कुठे भेटतं ते दिसतं.

उपाय म्हणजे एकच पॉइंट निवडायचा आणि तो स्वतः हलवायचा. दोन्ही डोळे एका अंतरावर नसतील तर कॅमेऱ्याला जवळचा डोळा पकडायचा. नेमका कुठे? भुवईवर नाही, पापण्यांच्या टोकावरही नाही. बाहुलीभोवतालचं वर्तुळ आणि खालच्या पापणीची कड जिथे भेटतात तिथे ठळक रेघ मिळते.

कान शार्प येतो तेव्हा

यावर जरा थांबतो, कारण माझे सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया गेले.

भाची खिडकीजवळ स्टुलावर बसली होती. माझ्याकडे ५० मिमीची लेन्स, एफ १.८ वर पूर्ण उघडी (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), कॅमेरा छोट्या म्हणजे एपीएस-सी सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारा भाग), अंतर साधारण एक मीटर. मधला पॉइंट तिच्या डोळ्यावर ठेवला, बटण अर्धं दाबलं, टिक असा आवाज आला. आता डोळे फ्रेमच्या वरच्या भागात हवेत म्हणून कॅमेरा किंचित खाली झुकवला. तेवढ्यात ती पुढे वाकून म्हणाली, "मामा, झालं का?" आणि मी क्लिक केलं.

या सेटिंगला फोकसमध्ये राहणाऱ्या पट्ट्याची एकूण जाडी सुमारे ३ सेंटीमीटर असते. निम्मी डोळ्याच्या पुढे, निम्मी मागे. फोकस धरल्यावर कॅमेरा झुकवला की फोकसचं प्रतलही त्याच्याबरोबर झुकतं आणि डोळा त्या प्रतलाच्या पुढे राहतो. एक मीटरवर १० अंश झुकवलं तर हा फरक दीड सेंटीमीटर होतो. दीड सेंटीमीटरच तर हाताशी होते, ते झुकवण्यातच गेले. त्यावर भाची दोनेक सेंटीमीटर पुढे आली. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, दोन्हींनी फोकस डोळ्याच्या मागे ढकलला. मागे काय आहे? कान.

हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा दहातले दोन-तीन फोटो चांगले का येत होते तेही कळलं. त्या वेळी भाची मागे रेलली असणार. नशीब, दुसरं काय.

"फोकस धरा आणि मग फ्रेम लावा" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि लांबून काढलेल्या किंवा एफ ८ च्या फोटोत तो चालूनही जातो. जवळून, उघड्या ॲपर्चरवर तो मोडीत काढा. आधी फ्रेम लावा, मग डोळ्याच्या सगळ्यात जवळचा पॉइंट निवडा, म्हणजे कॅमेरा हलवायला लागलाच तर केसभर.

यात एक मेख आहे. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमध्ये पॉइंट मोजकेच असतात: कॅननच्या १३००डी मध्ये ९, निकॉनच्या डी३५०० मध्ये ११. त्यातला फक्त मधला पॉइंट क्रॉस प्रकारचा, म्हणजे उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही रेघा ओळखणारा. कडेचे पॉइंट एकाच दिशेच्या रेघा पाहतात आणि कमी उजेडात चाचपडतात. कडेचा पॉइंट पुढे-मागे शोधत बसला, तर मी मधल्या पॉइंटवरच येतो पण फ्रेम सैल ठेवतो, कॅमेरा झुकवत नाही आणि नंतर कापून घेतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत कापायला भरपूर जागा असते. काही जणांना हे कमीपणाचं वाटतं. वाटू दे.

एफ १.८ चा हट्ट

नवी ५० मिमी लेन्स घेतली की पहिले सहा महिने कुणीही ॲपर्चर लहान करत नाही. मीही केलं नाही. पार्श्वभूमी विरघळते, त्याची भूल पडते. पण त्याच कॅमेऱ्यावर, त्याच लेन्सने आकडे कसे बदलतात ते बघा. एफ १.८ ला एक मीटरवर ३ सेंटीमीटर. दोन पावलं मागे जाऊन दीड मीटर केलं तर साडेसहा. तिथेच एफ २.८ केलं तर १०, आणि एफ ४ ला १४ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे नाकापासून कानापर्यंत जवळजवळ सगळा चेहरा.

अंतराचा परिणाम ॲपर्चरपेक्षा जोरात होतो: अंतर दुप्पट केलं की पट्टा साधारण चौपट जाड होतो. म्हणून फसायला लागलं की मी आधी मागे सरकतो, ॲपर्चर नंतर. चेहऱ्यालाही ते बरं. अगदी जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात, आणि समोरच्या माणसाला ते सहसा आवडत नाही.

८५ मिमीची लेन्स वापरत असाल आणि कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा असेल, तर दीड मीटरवर एफ १.८ ला हा पट्टा साडेतीन सेंटीमीटरच्या आत असतो. चेहरा जरा वळलेला असेल तर एक डोळा शार्प, दुसरा नाही. हे मुद्दाम केलं असेल तर देखणं दिसतं. दोन माणसं असतील तर मात्र एफ ४ किंवा ५.६, आणि दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर.

बटण अर्धं दाबून वाट पाहू नका

एकदा फोकस धरून थांबणारा मोड (निकॉन, सोनी, फुजीमध्ये एएफ-एस, कॅननमध्ये वन शॉट) पुतळ्यासाठी उत्तम. माणूस श्वास घेतो, हसतो, मान हलवतो. आपणही उभ्या उभ्या झुलत असतो, आपल्याला ते कळत नाही. मी बटण अर्धं दाबून तीन-तीन सेकंद हसण्याची वाट पाहायचो. हसू यायचं, तोवर डोळा पट्ट्याबाहेर गेलेला असायचा.

दोन मार्ग आहेत. एक, याच मोडमध्ये राहा पण फोकस धरल्याबरोबर क्लिक करा आणि प्रत्येक फोटोला नव्याने धरा. दोन, सतत फोकस करणारा मोड घ्या: एएफ-सी, कॅननमध्ये एआय सर्वो किंवा नुसतं सर्वो. मुलांसाठी दुसराच. पण त्यात एक गोष्ट मला उशिरा कळली. या मोडमध्ये बरेच कॅमेरे फोकस लागण्याची वाट न पाहता फोटो काढतात. बटण दाबलं की फोटो, फोकस असो वा नसो. मेनूत प्राधान्य कशाला, फोकसला की शटरला, अशी सोय असेल तर फोकसला द्या. नसेल तर अर्धं बटण दाबून क्षणभर धरा आणि मग पूर्ण दाबा. मोड काय ते कॅमेऱ्याने ठरवावं असा तिसरा पर्यायही असतो, एएफ-ए किंवा एआय फोकस नावाचा. तो मी बंद करून टाकला.

फोकसचं काम शटरच्या बटणाऐवजी अंगठ्याखालच्या मागच्या बटणाला देण्याची युक्ती हमखास सुचवली जाते. ती नवी नाही, कॅननने १९८९ च्या ईओएस ६३० मध्येच आणली होती. चांगली आहे, मी आता तीच वापरतो. पण सुरुवातीला तिने माझं नुकसान केलं, कारण अंगठा उचलला की फोकस जिथल्या तिथे राहतो आणि भाची काही राहत नाही. सतत फोकस करणारा मोड आणि अंगठा दाबलेलाच, असं असेल तरच तिचा उपयोग.

रेघ झालेल्या ठिपक्यांचं काय

हा ढीग लवकर सुटला. मी ॲपर्चर प्रायॉरिटीवर होतो (ॲपर्चर मी ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने) आणि घरातल्या उजेडात कॅमेरा १/६० सेकंदाचा शटर देत होता. हात स्थिर ठेवायला शटर निदान लेन्सच्या मिमीतल्या आकड्याइतका हवा, म्हणजे ५० मिमीला १/५०, असा जुना आडाखा आहे. एपीएस-सी वर त्याला दीडने गुणायचं, म्हणजे ५० मिमीला १/८०. पण हा आडाखा फक्त तुमच्या हाताचा आहे, समोरच्याच्या मानेचा नाही. बोलणाऱ्या माणसाला मी आता १/२०० च्या खाली जात नाही, मुलांना १/३२० किंवा त्याहून वर. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हात सावरतं, भाचीला सावरत नाही.

उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. १६०० किंवा ३२०० च्या दाण्याला (फोटोतल्या रवाळपणाला) मी उगाच घाबरत होतो. दाणा नंतर कमी करता येतो, हललेला डोळा परत जागेवर बसवता येत नाही. ऑटो आयएसओमध्ये शटरची खालची मर्यादा ठरवून देता येत असेल तर ती १/२०० ठेवा आणि विसरून जा.

दोष खरंच लेन्सचा आहे का, ते असं तपासा

मी ताईच्या सांगण्यावरून केलं ते लिहितो. कॅमेरा ट्रायपॉडवर. साधारण दीड मीटरवर, म्हणजे पोर्ट्रेट काढता तेवढ्याच अंतरावर, बारीक छपाईचा खोका उभा ठेवायचा, लेन्सला अगदी समोरासमोर. त्याच्या शेजारी एक पट्टी ४५ अंशांत तिरकी, मधला आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूच्या रेषेत. नुसत्या पट्टीवर फोकस करू नका, कारण कॅमेऱ्याचा पॉइंट व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो त्याहून मोठा असू शकतो आणि तो पट्टीवरची भलतीच रेघ पकडतो. उजेड भरपूर, ॲपर्चर पूर्ण उघडं, टायमर दोन सेकंद. व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो, प्रत्येकाआधी फोकस रिंग पार एका टोकाला फिरवून. मग लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, दहा.

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस आरशाखालचा वेगळा सेन्सर ठरवतो. त्याच्यापर्यंतचं आणि मुख्य सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत जुळलं नाही तर प्रत्येक फोटो ठरावीक मापाने पुढे किंवा मागे जातो. लाइव्ह व्ह्यूमध्ये मुख्य सेन्सरच फोकस पाहतो, म्हणून ही चूक तिथे होत नाही. तेव्हा व्ह्यूफाइंडरचे दहाच्या दहा फोटो मागे आणि लाइव्ह व्ह्यूचे बरोबर, असं निघालं तर दोष जुळणीचा आहे. मेनूत फोकस फाइन ट्यून असेल तर तिथे सुधारता येतो. नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये ही सोय नसते, मग कॅमेरा आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला. फोटो कधी पुढे, कधी मागे असे विखुरले तर मात्र जुळणीला दोष देऊ नका.

माझे व्ह्यूफाइंडरचे आठ फोटो बरोबर आले, दोन किंचित मागेपुढे. लेन्सवर दिलेला निकाल मुकाट्याने मागे घेतला.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात मुख्य सेन्सरच फोकस करतो आणि डोळा ओळखणारी सोयही असते, त्यामुळे वरच्यातली निम्मी डोकेदुखी उरत नाही. तरी चष्म्याच्या काचेवर चमक असेल किंवा डोळ्यावर बट आली असेल तर चौकट डोळ्यावर दिसते आणि फोकस काचेवर किंवा केसावर बसतो. हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगितली की चमक सरकते. डावा-उजवा डोळा निवडता येत असेल तर जवळचा निवडून ठेवा.

बाकी किरकोळ: लेन्सवरचा स्विच चुकून मॅन्युअलवर गेला आहे का, फार जवळ तर गेला नाहीत ना, कारण ८५ मिमीच्या बऱ्याच लेन्स ८० सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाहीत, व्ह्यूफाइंडरशेजारचं चष्म्याच्या नंबराचं चाक फिरलं आहे का. ते फिरल्याने फोटो बिघडत नाही, पण आतलं सगळं धूसर दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो.

मत विचारायला जाताना

"कसा वाटतो?" असं विचारलं की "छान" हे उत्तर मिळतं, आणि ते घेऊन करायचं काही नसतं. मी आता न कापलेला, न सुधारलेला मूळ फोटो नेतो. सोबत डोळ्याचा शंभर टक्के झूम केलेला तुकडा, लेन्स, ॲपर्चर, शटर, आयएसओ आणि अंदाजे अंतर. पॉइंट कुठे ठेवला होता हेही सांगतो. निकॉन आणि कॅननची स्वतःची सॉफ्टवेअर तो पॉइंट फोटोवर काढून दाखवतात, पण फ्रेम नंतर हलवली असेल तर त्यावर विसंबू नका, तो फोकस धरल्या क्षणीची जागा सांगत नाही. आणि लागोपाठ काढलेले पाच-सहा फोटो, फसलेल्यांसकट. एका फोटोत चूक दिसते, सहा फोटोंत सवय दिसते.

परवा भाचीचे नवे फोटो घेऊन ताईकडे गेलो. दीड मीटर, एफ २.८, १/३२०, जवळच्या डोळ्यावर पॉइंट. तिने झूम केलं. डोळ्यातली खिडकी, तिची चौकट, मधला गज, सगळं स्वच्छ होतं. मी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबलो.

तिने झूम मागे घेतला, फोटो पूर्ण पाहिला आणि म्हणाली, "डोक्यातून खांब बाहेर आलाय, तो दिसला नाही का तुला?"